फांदीवरून परतताना चुकणारे कासव

कॉख हिमकणाचे काम या आठवड्यात एकदाचे मार्गी लागले. हेल्गे फॉन कॉख यांनी १९०४ साली मांडलेल्या या वक्रात प्रत्येक रेषेचे तीन समान भाग करून मधल्या भागाच्या जागी समभुज त्रिकोणाच्या दोन बाजू बसवायच्या असतात, म्हणजे एका रेषेच्या चार होतात. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या टर्टलमध्ये, म्हणजे पडद्यावर कासव चालवून त्याच्या मागे रेघ उमटवणाऱ्या साधनात, मी सुरुवातीच्या समभुज त्रिकोणाची बाजू ४८६ पिक्सेल घेतली, कारण तिला पाच वेळा तिनाने भागले की बरोबर २ उरतात. त्या पाचव्या पातळीवर, म्हणजे हीच कृती पाचदा केल्यावर, ३,०७२ रेषा होतात. सहाव्या पातळीवर त्या १२,२८८ होतात. पण प्रत्येक रेषा एका पिक्सेलहून लहान असल्यामुळे कासव चौपट राबूनही चित्रात फारसा फरक दिसत नाही. तेव्हापासून मी पातळ्या मोजणे सोडले असून, लांबी २ पिक्सेलच्या खाली गेली की थांबायचे, एवढीच अट ठेवली आहे.

प्रत्येक फांदीच्या टोकाला दोन लहान फांद्या फुटत जाणाऱ्या झाडाने मात्र दोन संध्याकाळी घेतल्या. खोड १२० पिक्सेल, पुढची फांदी आधीच्या ०.७ पट आणि दोन्हीकडे २५ अंश, असे साधे झाड पहिल्याच झटक्यात उमटले: बारा पातळ्या, ४,०९५ फांद्या. पण ते इतके सममित होते की झाडापेक्षा झुंबर वाटत होते. म्हणून कोन दर वेळी २० ते ३० अंशांमध्ये रँडम निवडला, आणि झाड एका अंगावर कलंडले. काही फांद्या तर खोडापासून सुटून अधांतरी लटकल्या.

अखेर फक्त दोन पातळ्या ठेवून प्रत्येक वळण छापून पाहिले. कासव डावीकडे २३ अंश वळले, फांदी काढून परतले आणि उजवीकडे २९ अंश वळले, कारण कोडमधल्या परतीच्या ओळीतही मी कोन निवडणाऱ्या रँडमलाच पुन्हा हाक मारली होती. सहा अंश चुकलेल्या दिशेने मागे सरकणारे कासव मूळ जागी पोहोचणार तरी कसे? म्हणून निवडलेला कोन चलात, म्हणजे आकडा जपून ठेवणाऱ्या नावात, साठवला. तोही आधी घाईने ग्लोबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमला सामायिक, ठेवल्यामुळे फांदी काढणाऱ्या फंक्शनने पुढच्या फांदीसाठी स्वतःलाच मारलेली प्रत्येक हाक त्याच्यावर आपलाच आकडा लिहीत होती. चल त्या फंक्शनच्या आत घेतल्यावर प्रत्येक हाकेला स्वतःची प्रत मिळाली आणि झाड सरळ उभे राहिले.

आता गुणोत्तरही ०.६५ ते ०.७५ दरम्यान बदलते ठेवले आहे. थांबण्याची अट लांबीवर असल्याने काही फांद्या दहाव्या-अकराव्या पातळीवरच संपतात, काही त्याहून पुढे जातात, आणि शेंड्याची कडा वेगळे काही न लिहिता ओबडधोबड होते.