माळवद पुन्हा घातलं

मंगळवेढ्याजवळचा शेतातला वाडा पाडून स्लॅब टाका, असं घरात सगळेच म्हणत होते. मला ते पटेना. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा सहज ४० च्या वर जातो, तेव्हा माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छताखाली, दुपारी निवांत झोप लागते!

आधी भिंतींवरचा सिमेंटचा गिलावा खरवडला. त्यानं ओल आतच कोंडून दगडांमधली माती भुसभुशीत झाली होती. मग कळीचा चुना विरवून मुरवला, वाळू, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून मळला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, म्हणून गोणपाट भिजवत राहायचं.

सागवानी तुळया तशाच ठेवल्या. वर किलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या, त्यावर कडुलिंबाचा पाला, मग पांढरी माती. काळी माती अजिबात नको. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. गवंडीमामा प्रत्येक गाडीतली मूठभर माती भिजवून वडी थापायचे, उन्हात ठेवायचे. चिरली, की गाडी परत.

सवणं, म्हणजे छतातला झरोका, मात्र काचेनं बंद करू दिलं नाही. चुलीचा धूर तिथूनच जातो. आता मृगाआधी माळवदावर नवी माती टाकायची आहे.