आखूड मान, लांब मान

मे महिन्यातली जळगावची दुपार. दोन लग्नांच्या मधल्या रिकाम्या दिवशी पुतण्या त्याचा नवा शॉर्ट स्केल बेस, म्हणजे नेहमीच्या ३४ ऐवजी ३० इंचांच्या तारांची बेस गिटार, आमच्याकडे ठेवून गेला. कूलरसमोर बसून तो मांडीवर घेतला आणि डोळे मिटले. ही माझी जुनी खोड. फ्रेटकडे, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांकडे, बघत वाजवणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

हात आपला ३४ इंचांच्या हिशेबाने सरकला. नटाजवळ, म्हणजे मानेच्या टोकाला तार जिथे टेकते तिथे, फरक फार नसतो, पहिल्या फ्रेटला जेमतेम सहा मिलिमीटर. पण बारावा फ्रेट तारेच्या बरोब्बर मध्यावर असतो, म्हणजे तिकडे १७ इंचांवर आणि इकडे १५ वर. जुन्या सवयीने झेप घेतली की बोट थेट चौदाव्यावर! कान बोंबलतो, हात मात्र ठाम.

हे ३४ इंच अमेरिकेतले गिटार बनवणारे लिओ फेंडर यांनी १९५१ च्या प्रिसिजन बेसवर रुळवले. उभ्या डबल बेसची तार साधारण ४१-४२ इंचांची. त्या वादकांना तेव्हा हेसुद्धा खेळणंच वाटलं असेल.

लांबीवरून आम्ही फार आधी भांडून घेतलंय. आखाजीच्या सुट्टीत अमळनेरकडच्या गावी विटीदांडू चालायचा. विटी पडेल तिथून अंतर दांडूने मोजायचं. दांडू आखूड असला की गुण जास्त, पण मग टोला लांब जात नाही. यावर एका चुलतभावाने तोडगा काढला होता: मारायला लांब दांडू, मोजायला आखूड. ‘हाई चालाव नही!’ म्हणून आम्ही सगळे ओरडायचो, आणि तो वाकून, शांतपणे, मोठ्याने मोजत सुटायचा. चिंचेखालचा वाद मिटायच्या आत आमरस नि खापरावरच्या मांड्यांसाठी हाक यायची. जेवून आलो की गुण कुणालाच आठवायचे नाहीत. त्याला सोडून.

बेसचंही तसंच. तीच तार त्याच सुरात ३४ वरून ३० इंचांवर आणली की ताण सुमारे २२ टक्क्यांनी उतरतो. बोटांना पोहोच मिळते, पण जाड ई तार ढिली लागते, जोरात छेडली की फ्रेटवर खडखडते. सूर मात्र गोल, गुबगुबीत. मला तो आवडला. पुतण्याला सांगितलं नाही, नाहीतर तो मागच्या वर्षीचं माझं शॉर्ट स्केलविरुद्धचं भाषण काढील.

त्याचं म्हणणं, आठवडाभर एकच वाजवा, हात बसेल, मग अदलाबदल करा. मी मधला मार्ग धरलाय. बेस हातात आला की आधी पहिल्या आणि चौथ्या फ्रेटवर बोटं टेकायची. पंजा किती उघडला ते कळलं की पुढचं अंतर हात आपसूक कापतो. कधीकधी.

शॉर्ट स्केल म्हणजे पोरांसाठी, असं लोक सांगतात. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला हॉफनर बेस सुमारे ३० इंचीच होता, हे मी हल्ली जरा जास्तच वेळा ऐकवतो. डाव्या हाताची करंगळी सकाळी लवकर उघडत नाही. डॉक्टरांना अजून दाखवलेली नाही.