पाचवा बार आणि अडकलेलं सिलिंडर

गेल्या वेळी इथे मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की एकच बंदूक सगळ्या कामांना पुरते, विषय संपला. .44 मॅग्नम या दणकट काडतुसाचं हलकं रिव्हॉल्व्हर, म्यूल डिअर या हरणाच्या शिकारीच्या सीझनला तेच आणि डोंगरात तंबू टाकताना अस्वलाच्या भीतीने छातीवरच्या होल्स्टरमध्येही तेच. शनिवारी रेंजवर ती ऐट उतरली. चार बार झाले, पाचव्याला ट्रिगर ओढतोय तर सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) ढिम्म. फिरेना, उघडेना, आणि आत दोन जिवंत काडतुसं. रेंजवरच्या म्हाताऱ्याने नळी बांधाकडे धरायला लावली आणि लाकडी काडीने गोळीचं नाक मागे ढकललं, तेव्हा कुठे सुटलं. "अस्वल एवढा वेळ थांबेल का?" असं वर विचारलंही.

दोष बंदुकीचा नाही, माझ्या रीलोडिंगचा, म्हणजे घरी काडतुसं भरण्याचा. झटका बसतो तेव्हा सिलिंडर काडतुसाच्या पितळी केसला कडेने धरून मागे खेचतं, पण जड गोळी आपल्या जागीच राहू पाहते. एसटी हिसका देऊन निघाली की उभ्या माणसाचं होतं तेच. बंदूक जेमतेम 700 ग्रॅमची, गोळी 300 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), आणि क्रिंप, म्हणजे केसचं तोंड गोळीभोवती आवळणं, माझा कच्चा. गोळी केसमधून पुढे सरकत गेली आणि सिलिंडरच्या बाहेर डोकावून फ्रेमला टेकली.

रविवार मोजमापात गेला. एक काडतूस चेंबरमध्ये तसंच ठेवायचं, बाकीची उडवायची आणि प्रत्येक बार उडवल्यावर त्याच काडतुसाची लांबी कॅलिपरने बघायची. 240 ग्रेन: पाच बारांनंतर अगदी किंचित फरक. 300 ग्रेन: दुसऱ्याच बाराला पाऊण मिलिमीटर! मग रेडिंग कंपनीची प्रोफाइल क्रिंप डाय (क्रिंप करायचा साचा) लावली (महाग आहे, पण आधीच घ्यायला हवी होती) आणि केसचं तोंड गोळीच्या खाचेत नीट वळवलं. आता पाच बारांनंतर सुई हलत नाही. लागोपाठ तीन वेळा करून पाहिलं. तिसऱ्या वेळी एकटाच हसलो. मनगट मात्र अजून ठणकतंय.

म्हणजे प्रश्न सुटला? 300 ग्रेनचे पाच बार त्या हलक्या बंदुकीतून झाल्यावर सहावा मी कुठे मारतोय हे कागदावर दिसतं, आणि ते बघवत नाही. कोलोरॅडोत हँडगनने हरीण मारायचं तर नळी किमान 4 इंच आणि 50 यार्डांवर 550 फूट-पाउंड ऊर्जा लागते. 10 एमएम हे पिस्तुलाचं काडतूस तिथे काठावर पास होतं, म्हणूनच तर .44 कडे आलो. पण ही अट शिकारीची आहे, तंबूतल्या बंदुकीची नाही. आणि इथे ग्रिझली नाहीत, काळी अस्वलं आहेत.

हे टाइप करतानाच डोक्यात आलं: दोन्ही कामं एकाच बंदुकीकडून करून घ्यायचा हट्ट कशाला? शिकारीला 4.2 इंची नळीचं रेडहॉक हे जड .44 मॅग्नम रिव्हॉल्व्हर, सव्वा किलोच्या वर वजन, 240 ग्रेनची सॉफ्ट पॉइंट (मऊ टोकाची) गोळी. हलक्या बंदुकीत 250 ग्रेनची हार्डकास्ट (कडक शिशाची ओतीव), चपट्या नाकाची, पण .44 स्पेशल या मॅग्नमच्या आखूड, सौम्य भावाच्या वेगाने. भरायची मात्र मॅग्नमच्याच केसमध्ये. स्पेशलच्या आखूड केसने चेंबरमध्ये काजळीचं कडं धरतं आणि नंतर मॅग्नम काडतूस बसेना होतं, ते खरवडण्यात माझा एक अख्खा रविवार आधीच गेलाय.

राहिला प्रश्न रेडहॉकच्या पैशांचा. बायकोला "एकच बंदूक" असं मीच पटवलं होतं. स्टारलाइन कंपनीच्या दोनशे केसेस मात्र मागवून टाकल्यात.