कंपासपेटीतली पेटी

गुरुवार, रात्री पावणेबारा

आत्ताच भजनावरून आलो, अंगावर नुसता घाम, फॅन गरम हवाच फिरवतोय, झोप काही येणार नाही म्हणून लिहायला बसलो. मी घरी बनवलेला, पेटीऐवजी वाजणारा डबा आज पहिल्यांदा चार लोकांत वाजला. अडीच तास. मध्ये एकदाही बंद पडला नाही, मी एकटाच दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे बघत होतो, बाकी कुणाचं लक्षपण नव्हतं, आणि मला तेच पाहिजे होतं.

झालं असं की आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाची पेटी गेल्या महिन्यात बिघडली, दोन सूर अडकायचे, पट्टी सोडली तरी आवाज चालूच. दुरुस्तीला दिली, पंधरा दिवस सांगितले होते, त्याचे पस्तीस झाले. मंडळातल्या काकांना कुणीतरी सांगितलं की ह्याच्याकडे कीबोर्ड आहे. आहे, पण तो मिडी कीबोर्ड, त्याला स्वतःचा आवाजच नाही, दुसऱ्या कशाला तरी जोडल्याशिवाय तो म्हणजे नुसत्या पट्ट्या. हे काकांना समजावता समजावता थकलो आणि शेवटी लॅपटॉप घेऊन गेलो. दुसऱ्याच अभंगाला लॅपटॉपनं अपडेट काढलं. स्क्रीनवर गोल फिरतोय, 14 टक्के, 15 टक्के, तबलेवाला माझ्याकडे बघतोय, मी स्क्रीनकडे. टाळ मात्र चालूच, टाळवाले कुणासाठी थांबत नसतात.

त्या रात्री डोक्यात बसलं की बटण दाबलं की वाजलं पाहिजे. दुसरं काहीही येत नसलं तरी चालेल. स्क्रीन नको, माउस नको, पासवर्ड नको.

ड्रॉवरमध्ये रास्पबेरी पाय झीरो 2 डब्ल्यू नावाचा चिमुकला कॉम्प्युटर पडून होता, 2021 साली आलेलं मॉडेल, 65 बाय 30 मिलिमीटर, काडेपेटीपेक्षा जरा लांब. चार कोअर आणि 512 एमबी रॅम. आजच्या फोनच्या मानानं काहीच नाही, पण एकच काम करायचं असेल तर भरपूर. मित्राला दाखवला तर तो म्हणतो, काय करलालास बे, हे चार्जर हाय का पेटी? त्याचंही बरोबर होतं म्हणा, कारण ह्या पायला हेडफोनची पिनच नाही. आवाजासाठी वेगळा डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारा चिप, लावावा लागतो, मी पीसीएम 5102 चं छोटं बोर्ड घेतलं, तीन तारा आवाजाच्या (पायच्या जीपीआयओ 18, 19 आणि 21 ह्या पिनांना), दोन करंटच्या. जोडलं. कॉन्फिग फाइलमध्ये हायफायबेरी डॅकची ओळ टाकली, रीबूट केलं, पाय म्हणतो साउंड कार्ड सापडलं, आणि आवाज शून्य. दोन दिवस गेले ह्यात. तारा बदलल्या, कार्ड परत लिहिलं, डॅकवालाच फसवा म्हणून शिव्या घातल्या. शेवटी कळलं की त्या बोर्डावर एससीके नावाची पिन असते ती ग्राउंडला टेकवायची असते, तरच तो चिप स्वतःचं घड्याळ स्वतः बनवतो. डाळीच्या दाण्याएवढा सोल्डरचा थेंब. तो टाकला आणि हेडफोनमध्ये असला मोठा सा आला की मी हेडफोन फेकलाच.

ह्या दोन दिवसांत अण्णा रोज येऊन बघून जायचे. अण्णांनी आयुष्यभर मागांवर काम केलंय, शेवटची बरीच वर्षं जॉबर म्हणून, म्हणजे माग लावून देणारा, दुरुस्त करणारा, चादरीच्या नक्षीचे जकार्ड लावणं हा त्यांचा हातखंडा. त्यांनी विचारलं, ह्या पट्ट्यांतून डब्यात नेमकं जातं काय? मी लॅपटॉपवर त्यांना आकडे दाखवले. काळी एक दाबली की तीन आकडे जातात, 144, 61, 90. 144 म्हणजे पट्टी दाबली, 61 म्हणजे कुठली, 90 म्हणजे किती जोरात. बस. ह्यात आवाज नावाची गोष्टच नाही, मिडी म्हणजे हेच, 1983 पासून जगातले कीबोर्ड एकमेकांशी असंच बोलतात.

अण्णा जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे हे कार्ड झालं. सूत कुठाय?"

मला खरंच सुचलं नव्हतं हे. जकार्डच्या पुठ्ठ्याला भोकं असतात, भोक असेल तिथला उभा धागा उचलायचा, नसेल तिथला नाही, एक पुठ्ठा म्हणजे एक आडवा धागा. पुठ्ठ्यात रंग नाही की सूत नाही, नुसतं कुठला धागा कधी उचलायचा ते. फ्रान्समध्ये 1804 च्या सुमाराला निघालेली ही युक्ती, आणि आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या वस्तीत जन्मलेल्या पोरानं त्या पुठ्ठ्यांच्या माळा लहानपणापासून लोंबताना बघितल्यात, पण ते कॉम्प्युटरला जोडून बघायला अण्णाच लागले. तर सूत म्हणजे साउंडफॉन्ट. खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज, एका फाइलीत भरलेले. मी फ्लुइड आर 3 वापरतो, साधारण 140 एमबी, म्हणजे पायच्या रॅममध्ये अख्खी बसते आणि कार्डावरून दर सुराला ओढावं लागत नाही. आणि विणणारा म्हणजे फ्लुइडसिंथ हा प्रोग्रॅम, फुकट आहे. अण्णांना एवढं पुरलं. पुढे कधी कुणी विचारलं तर ते म्हणतात, पोरानं माग बनवलाय सुराचा.

आता खरी डोकेदुखी. आवाज येत होता पण उशिरा यायचा. लोकांना वाटतं थोडासा उशीर, काय फरक पडतो. फ्लुइडसिंथ आवाज बाहेर सोडायच्या आधी आपणहून 64 सॅम्पलचे (सॅम्पल म्हणजे आवाजाचा एकेक आकडा) 16 तुकडे साठवून ठेवतो, म्हणजे 1024 सॅम्पल, सेकंदाला 44,100 च्या हिशोबानं 23 मिलिसेकंद. हा आकडा वाचून काही कळत नाही, असं बघा, तेवढ्या वेळात आवाज आठ मीटर जातो, म्हणजे पेटी मांडीसमोर आहे पण ऐकू येतेय देवळाच्या पायरीवरून. एकटा वाजवताना बोटं सांभाळून घेतात. तबला आला की नाही सांभाळत, सम आली की दोघं दोन ठिकाणी. मग 64 चे चारच तुकडे ठेवले, जवळजवळ 6 मिलिसेकंद, मस्त वाटलं, पण चार पट्ट्या एकदम धरल्या की कढईत मोहरी टाकल्यासारखा तडतड आवाज. पायला वेळेत विणून होत नव्हतं. शेवटी 128 चे तीन, म्हणजे 9 च्या आत, शिवाय रिव्हर्ब (आवाज घुमवणारा) आणि कोरस (एका आवाजाचे अनेक वाटायला लावणारा) हे इफेक्ट बंद, एका वेळचे सूर जास्तीत जास्त 64, आणि प्रोसेसरला सांगून ठेवलं की वेग कमी-जास्त करत बसू नको, कायम पूर्ण वेगानं चाल. तडतड गेली. रिव्हर्ब गेला त्याचं वाईट वाटलं होतं पण देवळात गेल्यावर कळलं, दगडी गाभारा आहे की, तो काय कमी घुमतो?

गरमीची भीती मात्र होती. बाहेर 42, पाय 80 अंशाला पोचला की आपणहून स्लो होतो. आज निघायच्या आधी घरी तासभर वाजवून मोजलं तर 63. चाललं.

डबा म्हणजे माझी शाळेतली कंपासपेटी, पत्र्याची, झाकणाला अजून पाढ्यांचा कागद आहे. बरोबर बसतो पाय, डॅकपण. पत्रा म्हणून शॉर्ट व्हायचं भय, तर खाली काहीतरी घालायला पाहिजे होतं, अण्णांनी माळ्यावरून जकार्डचा जुना पुठ्ठा काढून दिला. भोकातून पिन टेकली तर? म्हणून दोन पुठ्ठे भोकं चुकवून एकावर एक चिकटवले.

सोमवारी सगळं तयार होतं आणि संध्याकाळी वळीव आला. धुळीचा लोट, दार-खिडक्या आपटतायत, आणि वादळाआधी लाइट जाणार हे सोलापुरात शेंबड्या पोराला कळतं, मला नाही कळलं, डबा चार्जरवर चालू ठेवून मी गच्चीवरचे कपडे काढायला गेलो. लाइट गेली, आली, परत गेली. नंतर डबा काही सुरू होईना. मेमरी कार्डवर काहीतरी लिहीत असताना करंट गेला की कार्डावरचा हिशोबच बिघडतो, हे मी वाचलेलं होतं, दुसऱ्याला सांगितलेलंपण होतं. गुरुवारचं भजन, सोमवारची रात्र. परत पहिल्यापासून सगळं. पण ह्यावेळी ओव्हरले चालू केलं, म्हणजे कार्ड फक्त वाचायचं, लिहायचं सगळं रॅममध्ये, करंट गेला की ते विसरून जायचं. आता डब्याची पिन खुशाल उपटा, त्याला काही आठवणच राहत नाही. मी मुद्दाम वीस वेळा उपटली, वीसही वेळा उठला. पॉवर बँकेवर टाकला ते वेगळंच.

उठायला वीस-बावीस सेकंद घेतो. स्क्रीन नाही तर तयार झालाय हे कळणार कसं, म्हणून शेवटची ओळ अशी टाकलीय की तयार झाला की आपणच काळी एकचा सा वाजवतो, दोन सेकंद. आज देवळात मी चालू करून चप्पल नीट ठेवायला गेलो तर तिकडून सा आला आणि बुवांनी तिथल्या तिथे आवाज लावून बघितला. कुणी लावला हे विचारलंपण नाही त्यांनी.

एक गोष्ट घरी कळली नव्हती. पेटीला डावा हात भात्यावर असतो. इथे भाताच नाही. पहिले दोन अभंग माझा डावा हात उगाच मांडीवर पडलेला, मधूनच हवेत काहीतरी ढकलायला जायचा, आणि सूर सगळे एकाच जोराचे, इस्त्री केल्यासारखे. मग आठवलं की कीबोर्डाला एक स्लायडर आहे, तो मिडीतल्या एक्स्प्रेशनला, म्हणजे चालू सुराच्या जोराला, 11 नंबरला लावलेला. डाव्या हातानं तो पुढे-मागे करायला लागलो. गजर वर जातो तिथे पुढे, बुवा आलाप घेतायत तिथे मागे. साउंडफॉन्टातला रीड ऑर्गन काही आपली पेटी नाही, जरा नाकातच बोलतो, पण हात कामाला लागल्यावर मला स्वतःला तरी खोटं वाटायचं बंद झालं. तबलेवाला शेवटी एवढंच म्हणाला, आज बरोबर होतास. अपडेटच्या रात्रीनंतर एवढं खूप आहे.

शनिवार

मंडळाची पेटी आली दुरुस्त होऊन. काका म्हणाले तरी डबा आणत जा, ही पांढरी चारला बरी वाटत नाही. बघू.

केबलची पिन लूज आहे, मायक्रो यूएसबी असली की हे ठरलेलंच, कीबोर्ड हलला की जोड निघतो. मी ग्लू गन शोधत होतो. अण्णांनी सुताचा बॉबिन घेतला, केबल कंपासपेटीच्या बिजागरीला दोन वेढे देऊन बांधली आणि तुटलेल्या धाग्याला मागावर मारतात ती गाठ मारली, एका हातानं, टीव्ही बघत बघत. ओढून बघितलं, हलत नाही. मी परत दाखवा म्हटलं. तीनदा दाखवली, मला अजून जमलेली नाही.