मिठाच्या गोण्या आणि रामदेवराव

“खरंच का हो, धान्याच्या गोण्यांत मीठ निघालं म्हणून यादवांचं राज्य गेलं?” पाहुण्यांना घेऊन देवगिरीवर गेलं की अंधारीच्या, म्हणजे गडावरच्या काळोख्या भुयारी वाटेच्या, अलीकडेच हा प्रश्न येतो. पायऱ्यांनी दम काढलेला असतो, त्यामुळे “अर्धं खरं” म्हणून मी सुटका करून घेत आले. पण तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आता जरा नीट सांगते.

मिठाची गोष्ट आली फिरिश्ता या फार्सी इतिहासकाराकडून. तो विजापुरात, आदिलशाहीच्या आश्रयाला बसून लिहीत होता, म्हणजे घटनेनंतर तब्बल तीनशे वर्षांनी. तो सांगतो की अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर अचानक चालून आल्यामुळे यादवांचा राजा रामदेवराव याला रसद जमवायला वेळच नव्हता. कोकणातल्या व्यापाऱ्यांच्या गोण्या गावात पडून होत्या, त्या धान्याच्या समजून घाईघाईने गडावर चढवल्या आणि उघडल्या तर आत मीठ. लोक सांगतात तसा गोण्या बदलणारा फितूर यात कोणीच नाही. तो आपण मागाहून घातला, आणि त्याचं नाव प्रत्येक सांगणारा वेगळंच घेतो.

मीठ निघालं असेल, नसेल. पण गोण्या उघडायची वेळ आली तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

साल 1296. अल्लाउद्दीन तेव्हा सुलतानही नव्हता. प्रयागजवळच्या कडा प्रांताचा सुभेदार होता आणि दिल्लीचा सुलतान जलालुद्दीन त्याचा काका, शिवाय सासरा. तीनेक वर्षांपूर्वी त्याने माळव्यात भिलशावर धाड घातली होती आणि देवगिरीच्या संपत्तीची वार्ता त्याला तिथेच लागली. आता काकाला पत्ता न लागू देता तो सात-आठ हजार घोडेस्वार घेऊन निघाला. अचलपूरला थांबला आणि काकाशी बिनसलंय, चाकरी शोधायला राजमहेंद्रीकडे चाललोय, अशी हूल उठवून दिली. अचलपूरहून देवगिरी अडीचशे किलोमीटरच्या वर. एवढ्या वाटेत त्याला कोणी अडवलं नाही. अडवलं ते थेट लासूरच्या घाटात, गड हाकेवर आल्यावर, कान्हा नावाच्या अधिकाऱ्याने. त्याच्या बाजूने दोन बायका सरदारकी करत लढल्या, असं चौदाव्या शतकातला फार्सी इतिहासकार इसामी लिहितो आणि त्यांचं तोंड भरून कौतुकही करतो. आमच्याकडच्या गोष्टीत मीठ राहिलं, या दोघी गळाल्या, याचा मला राग येतो.

मुख्य फौज युवराजाबरोबर बाहेर होती. राजा गडावर कोंडला गेला. मागून दिल्लीचे आणखी वीस हजार येताहेत, ही दुसरी हूल. रामदेवरावाने तह केला. इतक्यात युवराज परतला, बापाचं न ऐकता तुटून पडला आणि खिलजी जेरीला आला. तेवढ्यात शहरावर नजर ठेवायला मागे राहिलेला अल्लाउद्दीनचा सरदार नुसरत खान हजारेक स्वार घेऊन दौडत आला. उडालेला धुरळा पाहून आपल्या लोकांना वाटलं, आली दिल्लीची फौज! पळापळ झाली. मिठाच्या गोण्या उघडल्या त्या यानंतर. मग खंडणी वाढली. फिरिश्ता सहाशे मण सोनं सांगतो, शिवाय मोती, रत्नं, चांदी. आकडा फुगवलेला असेलही, पण त्याच पैशावर अल्लाउद्दीनने त्याच वर्षी काकाचा काटा काढून तख्त घेतलं.

राज्य डळमळलं ते इथे. यादवांची सगळी नजर दक्षिणेला होयसळांवर आणि पूर्वेला काकतीयांवर. भिलसा लुटला गेला तरी उत्तरेच्या वाटा राखाव्यात हे कुणाच्या मनात आलं नाही.

आणि राजा भोळा म्हणावा तर तसंही नाही. 1271 मध्ये त्याने गादी घेतली ती चुलतभाऊ आमणाकडून. नाटकमंडळीच्या सोंगात माणसं गडावर घुसवली, असं सांगतात. आमणाचे डोळे काढले. पुढे त्याच्याच अमदानीत पंढरपूरच्या शिलालेखात देणगीदारांबरोबर राजाचं नाव कोरलं गेलं, कारभार हेमाद्रीच्या हाती राहिला आणि 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी ‘न्यायातें पोषी’ म्हणून त्याला गौरवलं. महानुभावांची आठवण मात्र कडवट आहे. त्यांचा कवी नरेंद्र याचं काव्य ऐकून राजाने ओवीमागे सोन्याचं नाणं देऊ केलं, अट एवढीच की काव्यावर नाव माझं घाल. आमच्या कविकुळाला बोल लागेल, म्हणत नरेंद्राने नकार दिला. हा राजा मला या गोष्टीत जास्त ओळखीचा वाटतो.

अवघड भाग पुढे आहे. खंडणी थांबली म्हणून 1307-08 मध्ये अल्लाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर आला आणि रामदेवरावाला दिल्लीला नेलं. तिथे शिक्षेऐवजी मान मिळाला. ‘रायरायान’ किताब, लाख टंके, नवसारीचा मुलूख. त्यानंतर तो दिल्लीशी एकनिष्ठ राहिला. 1311 मध्ये काफूर होयसळांवर निघाला तेव्हा देवगिरीत त्याच्या फौजेसाठी बाजार सजला. सराफ नाणी घेऊन बसले, कापडवाले ठाण मांडून बसले, सैनिकांना माल वाजवी भावात मिळावा अशी राजाची ताकीद. हे सगळं दिल्ली दरबारचा कवी अमीर खुस्रो हौसेने वर्णन करतो. मला त्या बाजाराचं वर्णन वाचवत नाही. पण दुसरी वाट काय होती तेही दिसतं. रामदेवराव गेल्यावर मुलाने खंडणी नाकारली, तो 1313 मध्ये मारला गेला. जावई हरपाळदेव उठला, तर सुलतान मुबारकशहाने त्याची जिवंतपणी कातडी सोलली.

माजलगावजवळच्या पुरुषोत्तमपुरीला या राजाचा 1310 सालचा ताम्रपट मिळाला आहे. दिल्लीहून परतून जेमतेम दोन वर्षं झालेली. त्यात दिल्लीचं नावही नाही. उलट राजाने काशी म्लेंच्छांच्या हातून सोडवली, तिथे विष्णूचं देऊळ बांधलं, असं ऐटीत कोरलंय. लिहिणाऱ्याला खरं काय ते ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही. प्रधान पुरुषोत्तमाला दिलेली गावं मात्र खरी होती आणि त्याच्या नावाचं गाव अजून गोदाकाठी आहे. अधिक महिन्यात तिथे गर्दी उसळते, जायचं तर पहाटे निघा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.