सहा महिन्यांनी तोच फोटो पुन्हा काढताना

कॅटलॉगचं काम देणारा क्लायंट पहिल्या खेपेला ४० वस्तू पाठवतो. फोटो पसंत पडतात, वेबसाइटवर चढतात. सहा महिन्यांनी आणखी ५ वस्तू येतात आणि सोबत एकच मागणी असते: जुन्या फोटोंच्या शेजारी ठेवले तर वेगळे वाटता कामा नयेत. फ्रीलान्स प्रॉडक्ट फोटोग्राफरची खरी कसोटी इथे लागते. एखादा देखणा फोटो पुष्कळांना जमतो. तोच प्रकाश, तीच सावली आणि तोच पांढरा रंग पुन्हा उभा करणाऱ्याला मात्र क्लायंट सहसा सोडत नाही. हे आठवणीवर विसंबून होत नाही, त्यासाठी सगळं मोजून लिहून ठेवावं लागतं.

आधी कॅमेरा. त्याची जमिनीपासूनची उंची, वस्तूपासूनचं अंतर आणि खाली झुकण्याचा कोन, हे तीन आकडे पहिल्याच दिवशी वहीत गेले पाहिजेत. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांशी आणि टेबलाच्या पायांशी गॅफर टेपच्या खुणा करा. झूम लेन्स असेल तर फोकल लेंग्थ (म्हणजे किती झूम करायचं ते) ठरल्यावर रिंगवरही टेप लावा. कॅमेरा खाली झुकलेला असला की लेन्सची नळी स्वतःच्या वजनाने हळूहळू सरकते, आणि तिसाव्या वस्तूपर्यंत फ्रेम बदललेली असते. १०० मिमीची प्राइम (झूम नसलेली) मॅक्रो लेन्स वापरली तर हा त्रास उरत नाही.

सेटिंग सगळी मॅन्युअल. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर आयएसओ १००, अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ ११ आणि शटर १/१२५ सेकंद इथून बहुतेक वस्तूंची सुरुवात करता येते. एफ १६ च्या पुढे, म्हणजे छिद्र आणखी लहान झालं की, डिफ्रॅक्शनमुळे (छिद्राच्या कडांशी प्रकाश पसरल्यामुळे) लेबलवरची बारीक अक्षरं मऊ पडू लागतात. वस्तू खोल असेल तर अॅपर्चर आणखी बंद करू नका. फोकस थोडा थोडा मागे नेत पाच-सहा फ्रेम घ्या आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये जोडा. मग फ्लॅश बंद ठेवून त्याच सेटिंगवर एक फ्रेम काढून पाहा. ती पूर्ण काळी यायला हवी. त्यात काही दिसलं तर खिडकीचा किंवा छतावरच्या दिव्याचा प्रकाश आत शिरतोय, आणि सकाळच्या आणि दुपारच्या फोटोंचा रंग कधीच जुळणार नाही.

दिव्यांच्या बाबतीत अनेक जण फक्त पॉवर लिहून ठेवतात. माझ्या मते अंतर त्याहून महत्त्वाचं. दिवा १ मीटरवरून १.४ मीटरवर गेला की वस्तूवरचा प्रकाश साधारण निम्मा होतो, म्हणजे एक स्टॉप घटतो. तो पॉवर वाढवून भरून काढता येतो, पण सावली तशी परत मिळत नाही. सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढचा पांढऱ्या कापडाचा डबा) लांब गेला की वस्तूच्या हिशेबाने तो लहान होतो, सावलीची कडा कडक होते आणि चकचकीत बाटलीवर दिसणारा पांढरा पट्टा अरुंद होतो. म्हणून आधी अंतर, उंची आणि कोन जुळवायचे, पॉवरला हात शेवटी. शिवाय पॉवर बरीच वरखाली केली तर रंगही हलतो: काही फ्लॅश कमी पॉवरला निळसर होतात, काही तांबूस. डिफ्यूझरचं, म्हणजे प्रकाश पसरवणारं पांढरं कापड जुनं होऊन पिवळं पडतं, म्हणून नवीन कापड कधी लावलं त्याची तारीखही नोंदवा.

पांढऱ्या बॅकग्राउंडला वेगळे दिवे द्या. वस्तूवरच्या प्रकाशापेक्षा बॅकग्राउंड सुमारे एक स्टॉप वर असला की पुरतो. त्याहून जास्त दिला तर मागचा प्रकाश कडांवरून पुढे येतो, पांढऱ्या डब्याची बाह्यरेषा गायब होते आणि सगळा फोटो फिकट पडतो. जागा असेल तर वस्तू आणि बॅकग्राउंड यांच्यात दीड मीटर तरी ठेवा. काचेच्या बाटलीच्या दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, काळ्या कार्डाच्या पट्ट्या उभ्या केल्या की कडा रेखीव येतात. या पट्ट्यांची रुंदीही लिहून ठेवा. नाहीतर पुढच्या वेळी अर्धा तास त्यातच जातो.

रंगासाठी प्रत्येक सेटअपला ग्रे कार्ड (ठरावीक राखाडी रंगाचं कार्ड) आणि २४ चौकोनांच्या कलर चेकरची (ठरावीक रंगांच्या पट्टीची) एक फ्रेम हवीच. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कुठला हे कॅमेऱ्यानेच ठरवणं, इथे चालत नाही. लाल डब्यानंतर निळा डबा आला की कॅमेरा आपला अंदाज बदलतो आणि दोन फोटोंतला पांढरा वेगळा होतो. कपड्यांत याहून अवघड दुखणी असतात. पांढऱ्या कापडात ब्राइटनर (कापड जास्त पांढरं दिसावं म्हणून घातलेलं रसायन) असेल तर फ्लॅशमधल्या अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाने ते निळसर चमकतं. यूव्ही कोटिंग असलेली फ्लॅश ट्यूब वापरली की हे बरंच कमी होतं. काही काळी सिंथेटिक कापडं इन्फ्रारेड परावर्तित करतात आणि तपकिरी दिसतात. व्हाइट बॅलन्सने हे सुटत नाही, कारण तो हलवला की बाकीचे रंग बिघडतात. तेवढाच भाग सिलेक्ट करून दुरुस्त करावा लागतो, आणि ही दुरुस्ती कोटेशनमध्ये आधीच धरलेली असावी.

धुळीबद्दल थोडक्यात: सुती हातमोजे, हवेचा ब्लोअर, मायक्रोफायबर कापड. काळ्या चकचकीत वस्तूवर शूटच्या आधी घालवलेली पाच मिनिटं रिटचिंगची वीस वाचवतात.

सगळं जुळलं की संपूर्ण सेटअपचे मोबाइलवर दोन फोटो घ्या, एक समोरून आणि एक शक्य तितक्या वरून. ते रॉ फाइल (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल), कलर चेकरची फ्रेम आणि आकड्यांचा कागद यांच्याबरोबर एकाच फोल्डरमध्ये ठेवा. या फोल्डरच्या तीन प्रती हव्यात: दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या जागी. दोन प्रती उघडून तपासल्याशिवाय मेमरी कार्ड फॉरमॅट करू नका.

आणि पहिल्या खेपेतली एक वस्तू क्लायंटकडून मागून घ्या, शक्यतो पांढरं लेबल आणि थोडा चकचकीत भाग असलेली. नवीन माल आला की आधी ही जुनी वस्तू टेबलावर ठेवायची, कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायचा आणि जुना फोटो ५० टक्के पारदर्शक करून लाइव्ह व्ह्यूवर आच्छादायचा. कडा जुळेपर्यंत कॅमेरा हलवा. नंतर बॅकग्राउंड, लेबल आणि सावली या तीन जागांचे आरजीबी आकडे (लाल, हिरवा आणि निळा यांचे ० ते २५५ मधले) जुन्या फोटोशी ताडून पाहा. आकड्यात दोन-तीनचा फरक डोळ्याला कळत नाही. लेबलवर दहाचा फरक दिसला तर दिवा हललाय किंवा कापड बदललंय. तो फोटोशॉपमध्ये झाकू नका, टेबलापाशीच शोधा.

ही जुळवाजुळव वेळखाऊ आहे आणि दरात ती दिसली पाहिजे. ५ वस्तूंचं बिल ४० वस्तूंच्या बिलाचा आठवा भाग होऊ शकत नाही, कारण दिवे लावायला आणि जुळवायला दोन्ही वेळा तेवढाच वेळ लागतो. म्हणून पहिल्याच कोटेशनमध्ये सेटअपचे पैसे आणि प्रत्येक वस्तूमागचे पैसे वेगळे दाखवा, आणि पुढच्या छोट्या खेपांसाठी किमान रक्कम लिहा. सोबत रिटचिंगच्या किती फेऱ्या, फोटो कुठल्या माध्यमात, किती काळ आणि कुठल्या प्रदेशात वापरता येतील हेही लिहा. कॉपीराइटचा कायदा देशागणिक वेगळा असतो, त्यामुळे तोंडी बोलणं पुरत नाही. जुनी वस्तू आणि फाइल किती वर्षं सांभाळणार, तेही त्याच कागदावर यावं, म्हणजे चौथ्या वर्षी फोन आला तरी त्यावर वाद होणार नाही.