बोलेरोतला हॅम रेडिओ आणि सहा एमएमची वायर

हॅम रेडिओचा, म्हणजे छंद म्हणून स्वतःचं वायरलेस स्टेशन चालवण्याचा परवाना मिळाल्यावर घरी सेट लावणं तसं सोपं गेलं. गच्चीवर अँटेना, खोलीत पॉवर सप्लाय, पंख्याच्या बटणाशेजारी एक प्लग, की झालं. गाडीत सेट बसवणं मात्र वेगळंच प्रकरण निघालं. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ रेडिओवर नाही, वायरीवर गेला.

गाडीत सेट हवा होता त्याला कारण आमचा रस्ता. आमचं गाव परतवाड्याजवळ सपाटीवर, संत्र्याच्या पट्ट्यात. बहीण मेळघाटात धारणीला. घाट चढून सेमाडोह, हरिसाल करत जायचं म्हणजे मधल्या मोठ्या टप्प्यात मोबाइलचे दांडे गायब. आता कोणी म्हणेल, मग शेतमालाचे भाव, गाडीभाड्याचे निरोप यासाठी बरा उपयोग होत असेल. तसं चालत नाही. हॅम रेडिओ हा छंदाचा आणि शिकण्याचा परवाना आहे, त्यावर धंद्याचं बोलायचं नाही. गप्पा मारा, प्रयोग करा, आणि अडचणीच्या वेळी कामाला या. एवढं मला पुरेसं होतं. परवान्यात गाडीतल्या वापराबद्दल काय लिहिलं आहे ते मात्र आधी नीट वाचून घ्या. घरच्या पत्त्यावरचं स्टेशन आणि चालत्या गाडीतलं स्टेशन एकच, असं गृहीत धरू नये.

सेट जुना घेतला, नागपूरच्या एका परवानाधारक मित्राकडून, रीतसर कागद करून. दोन मीटर बँडचा, म्हणजे आपल्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. पूर्ण ताकदीवर ५० वॉट. आणि खरी गंमत या ५० वॉटमध्येच आहे.

परतवाड्याला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. पोरगा हुशार, बोलेरोचं वायरिंग डोळे मिटून करणारा. मी पिशवीतून लाल-काळी सहा एमएमची (म्हणजे आतल्या तांब्याचा छेद सहा चौरस मिलिमीटर) वायर काढली तसा तो हसला.

"सर, पन्नास वॉटले सहा एमएम? माया घरच्या मेन लाइनले बी इतकी जाड नाई. लायटरच्या सॉकेटातून देऊन टाकू ना, पाच मिन्टात होते."

त्याचं म्हणणं घरच्या लाइटीच्या हिशोबाने बरोबरच होतं. २३० व्होल्टवर ५० वॉटचा बल्ब पाव अँपिअरसुद्धा घेत नाही. पण सेटवर लिहिलेले ५० वॉट हे अँटेनातून बाहेर पडणारे. ते काढायला सेट बॅटरीतून त्याच्या जवळपास तिप्पट ओढतो, कारण बाकीची उष्णता होऊन मागच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांमधून निघून जाते. माझा सेट बोलताना सुमारे १२ अँपिअर घेतो. तेरा-साडेतेरा व्होल्टला बारा अँपिअर, म्हणजे दीडशे वॉटच्या वर. आणि व्होल्टेज जितकं कमी, तितका वायरीतला तोटा जास्त बोचतो. घरी एक व्होल्ट पडला तर पंख्याला कळतही नाही. गाडीत बारातला एक व्होल्ट गेला तर सेट कुरकुरायला लागतो.

हे त्याला तोंडाने पटणार नव्हतं, म्हणून मीटर काढला. तात्पुरता प्लग जोडून सेट लायटरच्या सॉकेटवर लावला, डमी लोड जोडला (बोलताना सिग्नल हवेत न जाता त्यातच जिरतो) आणि इंजिन बंद ठेवून पीटीटी, म्हणजे माइकवरचं बोलायचं बटण, दाबलं. बॅटरीवर १२.४ व्होल्ट दिसत होते, सॉकेटवर ११ च्या आसपास, आणि सेटचा डिस्प्ले मिचकावून बंद. या सेटची मर्यादा १३.८ व्होल्टच्या पंधरा टक्के खाली-वर अशी असते, म्हणजे पावणेबाराच्या खाली त्याच्याकडून काही अपेक्षा करू नये. पोराने स्वतः परत दाबून बघितलं. मग म्हणाला, "सॉकेटची वायर सुतळीसारकी हाये सर, हे नाई चालत." तिथून पुढे आमचं जमलं.

हिशोब कोणालाही करता येतो. बॅटरीपासून सेटपर्यंत वायर चार मीटर धरा, जाऊन-येऊन आठ मीटर. अडीच एमएमच्या तांब्याच्या लवचीक वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे ८ ओहम. आठ मीटरला ०.०६४ ओहम, बारा अँपिअरला पाऊण व्होल्ट गेला. सहा एमएमला किलोमीटरमागे ३.३ ओहम, तेवढ्याच अंतराला एक तृतीयांश व्होल्टपेक्षा कमी. आमच्याकडे सहा एमएम मिळवायला कुठे लांब जावं लागत नाही, बोअरच्या मोटारींमुळे जाड वायर कुठल्याही तालुक्याच्या दुकानात मिळते. फक्त तांब्याचीच आहे ना, हे टोक सोलून, तार खरवडून बघा. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त पडते, पण तिचा रोध जास्त आणि लगमध्ये (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या कड्यात) ती ढिली होते.

आता फ्यूज. सेटसोबत आलेल्या वायरीत फ्यूज होताच, सेटच्या बाजूला. तो सेटला वाचवतो. वायरीला वाचवणारा फ्यूज वेगळा, आणि तो बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरावरच हवा. सेल्फ मारताना हीच बॅटरी शेकडो अँपिअर देते. इंजिनाच्या बाजूने केबिनमध्ये येताना वायर पत्र्याच्या भोकातून जाते. वर्षभराच्या खडखडाटात तिथे आवरण घासलं आणि तांबं पत्र्याला लागलं, तर सेटजवळचा फ्यूज नुसता बघत बसेल आणि मधली वायर पेटेल. आमच्या रस्त्यांवर खडखडाट किती, ते काय सांगायचं. म्हणून बॅटरीजवळ १५ चा ब्लेड फ्यूज, पाणी न जाणाऱ्या डबीत. पत्र्यातलं भोक कंपनीच्याच हार्नेसचं (वायरींच्या जुडग्याचं) वापरलं, त्यातल्या रबरी कडीला, ग्रोमेटला, छोटी चीर देऊन वायर त्यातून ओढली आणि पूर्ण लांबीला कोरुगेटेड पाइप घातला. नवीन भोक पाडायला पोरगा ड्रिल घेऊन तयारच होता, त्याला थांबवलं.

निगेटिव्हवर आमची बराच वेळ चर्चा झाली. त्याची सवय अशी की कुठल्याही उपकरणाचा अर्थ, म्हणजे निगेटिव्हची वायर, जवळच्या स्क्रूला. हॉर्नला चालतं, रेडिओला नाही. रंग, गंज आणि पत्र्याचे जोड यांतून वाट काढत करंट परत जायला लागला की व्होल्टेजही पडतं आणि अल्टरनेटरची शिट्टी आवाजात शिरते. मी निगेटिव्हही बॅटरीच्या बाजूलाच नेली. पण थेट टर्मिनलवर नाही, तर बॅटरीचा जाड अर्थ पट्टा बॉडीला ज्या बोल्टवर कसलेला आहे त्या बोल्टवर. याची दोन कारणं. नव्या गाड्यांमध्ये निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो, त्याला वळसा घातला तर गाडीचा हिशोब चुकतो. दुसरं म्हणजे, बॅटरीचा मुख्य अर्थ कधी ढिला झाला तर सेल्फचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो, आणि वायर टर्मिनलवर असेल तर ती वाट आपल्या रेडिओतून आणि अँटेनाच्या केबलमधून जाते. जुन्या पुस्तिकांमध्ये निगेटिव्हलाही फ्यूज लावा म्हणतात, तो याच भीतीने. बोल्टखालचा रंग घासून पत्रा चमकवला, लग कसला, वर ग्रीस लावलं.

सेट इग्निशनवर बंद होईल अशी रिले घालायची की नाही, यावर मी नको म्हटलं. गाडी उभी करून ऐकायला मला आवडतं. नुसतं ऐकताना सेट अर्धा अँपिअर घेतो, दहा तासांत पाच अँपिअर-तास, चांगल्या बॅटरीला ते जड नाही. विसराळू माणसाने मात्र रिले घालावी.

जागा गिअरच्या पुढे, डॅशखाली. माझी बोलेरो जुनी, एअरबॅग नाहीत. ज्यांच्या गाडीत आहेत त्यांनी एअरबॅग फुगते त्या वाटेत काहीही बसवू नये, माइकचा हुकसुद्धा. क्लॅम्पखाली जाड पत्र्याची पट्टी दिली, कारण डॅशच्या प्लॅस्टिकवर दीड किलोचा सेट घाटात टिकत नाही.

अँटेनाचं काम मला सगळ्यात आवडलं. पाव तरंगलांबीची साधी उभी काडी घेतली, चुंबकाच्या बुडाची. १४५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण २०७ सेंटिमीटर, तिचा पाव ५२ च्या आत, आणि धातूच्या काडीत थोडी कमी धरावी लागते म्हणून ४९-५०. छताच्या बरोबर मधोमध ठेवली. कारण छताचा पत्रा हा अँटेनाचा दुसरा अर्धा भाग आहे. बॉनेटच्या कडेला लावली की सिग्नल एका बाजूला झुकतो. सुरुवातीला काडी मुद्दाम थोडी लांब ठेवली आणि एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती सिग्नल परत फिरतो ते दाखवणारा, आकडा १ च्या जितका जवळ तितकं चांगलं) लावून ५ वॉटवर बघितलं. १४४ ला आकडा कमी आणि १४६ ला जास्त, म्हणजे काडी लांब. दोन-दोन मिलिमीटर कापत १४५ ला १.३ वर आणली. त्याहून खाली नेण्याच्या नादात लागू नका, त्याने पलीकडच्या माणसाला काही फरक पडत नाही. केबल आरजी-५८, मागच्या दाराच्या रबरातून आत घेतली, पाणी केबलवरून उतरत आत येऊ नये म्हणून दाराबाहेर तिला खाली झोळ दिला. ही केबल या बँडला पाच मीटरमागे सुमारे एक डेसिबल खाते, म्हणून उगाच गुंडाळी करून सीटखाली टाकली नाही. चुंबकाखाली धूळ बसली की छताचा रंग घासला जातो, तेव्हा तो उचलून पुसायची सवय लावून घेतली. आणि सागाच्या फांद्या खाली आलेल्या रस्त्याला काडी काढून सीटवर ठेवतो.

इंजिन चालू केल्यावर स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबून ठेवणारी सोय) सतत उघडायला लागला. डिझेल गाडी, स्पार्क प्लग नाहीत, मग आवाज कुठून? पोराला अल्टरनेटरवर संशय. एकेक वस्तू बंद करत गेलो तर दोषी निघाला रस्त्यावरून घेतलेला मोबाइल चार्जर. तो लायटरमधून उपसला आणि सेट शांत झाला. पीटीटी दाबल्यावर आपल्याच आवाजामागे बारीक शिट्टी जाते का, हे मात्र आपल्याला कळत नाही, पलीकडच्यालाच विचारावं लागतं. माझी नव्हती. इतकी जाड वायर आणि इतका घासून केलेला अर्थ, यानंतर असायला नको होती.

चाचणीला चिखलदऱ्याला गेलो. व्हीएचएफ, म्हणजे आपला दोन मीटर बँड ज्यात येतो ती फ्रिक्वेन्सी, साधारण नजरेच्या रेषेत जाते, त्यामुळे उंचीला किंमत. ढोबळ सूत्र असं की उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ घ्यायचं आणि ४.१२ ने गुणायचं, म्हणजे किलोमीटरमध्ये रेडिओचं क्षितिज निघतं. चिखलदरा खालच्या सपाटीपेक्षा सातशे मीटरने उंच धरला तर शंभर किलोमीटरच्या वर. अमरावती सरळ रेषेत सत्तरच्या आत. दक्षिणेकडचा कडा मोकळा दिसेल अशी जागा बघून गाडी लावली, इंजिन चालू ठेवलं आणि अमरावतीच्या मित्राला हाक दिली. १० वॉटवर तो शेजारी बसल्यासारखा आला. ५० वर जायची गरजच पडली नाही. मग सेमाडोहच्या बाजूला उतरलो, मधे डोंगर आला आणि तोच मित्र ५० वॉटवरही संपला. हे आधी माहीत होतं, तरी प्रत्यक्ष बघायला हवं होतं. मेळघाटाच्या पोटात एकट्या गाडीतला व्हीएचएफ सेट काही जादू करत नाही. वर उंचावर दुसरा हॅम बसलेला हवा, नाहीतर एचएफ (याहून खूप कमी फ्रिक्वेन्सीचं) हवं, ज्याच्या १०० वॉटच्या सेटला वीस-बावीस अँपिअर लागतात आणि वायरीचा सगळा हिशोब परत मांडावा लागतो.

वनखात्याच्या नाक्यावर माइक बघून चौकशी होतेच. "पोलिसायचं हाये का हे?" असं एका गार्डने विचारलं. परवान्याची झेरॉक्स डॅशमध्ये ठेवलेली असते, ती दाखवली. त्यांच्या वॉकीटॉकीची फ्रिक्वेन्सी वेगळी, ती आपली नव्हे, तिथे ऐकायचं-बोलायचं नाही, हेही सांगितलं. त्याने सेट बघून घेतला आणि गाडी सोडली.

उन्हाळ्यात मात्र सांभाळावं लागतं. आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, बंद गाडीत त्याहून कितीतरी वर. सेट साठ अंशांपर्यंतच चालवायचा असतो. म्हणून मे महिन्यात गाडी उन्हात राहिली तर आधी काचा उघडून पाच-दहा मिनिटं पळवतो, मग सेट चालू करतो, आणि पॉवर १० वॉटवर ठेवतो. दिवाळीच्या आसपास बॅटरीचे लग, अर्थचा बोल्ट आणि फ्यूजची डबी उघडून बघतो. मागच्या वेळी पॉझिटिव्ह लगवर पांढरं साचलं होतं, ते गरम पाण्याने धुतलं, परत कसलं आणि ग्रीस लावलं.